शून्यापुढचा शेरा

मे महिना आला की मला शून्य आठवतं. बाकीच्यांना आंबे आठवतात, सुट्ट्या आठवतात, माहेर आठवतं. मला एका लांबट रजिस्टरचं पान आठवतं. त्यावर एकाखाली एक मांडलेली शून्यं आणि प्रत्येक शून्याखाली पट्टी धरून ओढलेली लाल रेघ.

आज सकाळी कूलरमध्ये पाणी भरलं, खसच्या ताटीचा ओला वास घरभर पसरला आणि माझे पाय आपोआप चपलांकडे वळले. आतून मुलगी म्हणाली, “मम्मी, इतनी धूप में कहाँ?” मी तिच्याशी मराठीत बोलते, ती मला हिंदीत उत्तर देते. आमचं दोघींचं असंच चालतं आणि बरं चालतं. “तरियावर जाऊन येते,” मी म्हटलं. तरिया म्हणजे छत्तीसगढीत तळं. तिनं पुढे काही विचारलं नाही. मे महिन्यात आई भरलेल्या नाही, आटलेल्या तळ्याला भेटायला का जाते, हे विचारणं तिनं केव्हाच सोडून दिलं आहे.

मी पाटबंधारे खात्यात ट्रेसर होते. इंजिनियरसाहेबांच्या नकाशावर ट्रेसिंगचं कापड ताणून बसवायचं आणि त्यांच्या रेघेवर आपली रेघ ओढायची, हीच माझी नोकरी. तळी तर मी शेकड्यांनी काढली असतील. बारमाही तळं असेल तर आत निळा रंग, उन्हाळ्यात आटणारं असेल तर नुसती तुटक रेघ आणि आत कोरं. पण एकाही तळ्याच्या काठावर मी कधी उभी राहिले नव्हते. रिटायर झाल्यावर एकदा दुपारी जेवताना एकदम वाटलं, आयुष्यभर आपण पाण्याच्या कडा गिरवल्या, त्या कोऱ्या जागेत काय असतं ते कधी बघितलंच नाही. मला लहानपणापासून नको तिथं नाक खुपसायची खोड आहे. नोकरीनं ती दाबून ठेवली होती, एवढंच.

तेव्हा राज्य नवं नवं झालं होतं. सरकारी पाट्यांवरचं ‘मध्यप्रदेश’ रंगानं पुसून त्यावर ‘छत्तीसगढ’ लिहिलं होतं, आणि रंग इतका पातळ की ऊन पडलं की खालची जुनी अक्षरं वर यायची. रायपूरच्या आमच्या चौबे कॉलनीत, जिथे संध्याकाळी बायका फाटकाशी उभ्या राहून भाजी निवडायच्या, तिथे जमिनीचे भाव विचारायला अनोळखी लोक गाडीतून येऊ लागले. राजधानी झाली म्हटल्यावर गावात रिकामी जागा म्हणून काही राहिलंच नाही. जिथे काहीच नव्हतं तिथे काहीतरी होणार होतं. त्या दिवसांत मला एक कोडं पडायचं, की जागा रिकामी आहे असं कोण ठरवतं आणि कोणत्या महिन्यात बघून ठरवतं.

डोंगरेभाऊंना हे कोडं पडत नव्हतं. त्यांना उत्तर ठाऊक होतं. ते माझ्या यजमानांचे रेल्वेतले सोबती, पी.डब्ल्यू.आय., म्हणजे रुळांची देखभाल करणारे इन्स्पेक्टर. आयुष्यभर रोज मैलोगणती रुळांवरून चाललेला माणूस. रिटायर झाल्यावरही चाल तीच, रुळाखालच्या स्लीपरच्या अंतराएवढी ठरलेली. त्यांच्याबरोबर फिरायला जायचं म्हणजे मला अर्धं धावावं लागे. राहायला गुढियारीत, रेल्वेच्या जवळ, आणि घरामागे हे तळं. त्याला नावही नव्हतं. सगळे नुसतं तरिया म्हणत.

मी एकदा त्यांना विचारलं, “भाऊ, गावात एवढी नावाजलेली तळी आहेत. तुम्ही याच्याच मागे काहून लागले?”

ते म्हणाले, “आमच्या गावचं तळं आमच्यासाठी नव्हतं, ताई. आमच्या लोकायनं लांबूनच पाहाचं. इथं नोकरीवर आलो, रुळाच्या गँगमध्ये होतो तवा. पयल्या दिवशी ड्युटी संपवून याच घाटावर आंघोळ केली. चार माणसं आंघोळ करून राहिले होते. कोणी विचारलं नाही, कोण म्हणून. एकानं साबण देल्ला.” आणि मग जणू काही बोललेच नाहीत अशा चालीनं ते पुढे निघाले. मी तिथेच उभी राहिले. त्या दिवशी मला धावून त्यांना गाठता आलं नाही.

छत्तीसगढात तळ्याचं लग्न लावतात. गंमत नाही, खरोखर लावतात. तळं खोदून झालं की मध्यभागी सरईच्या, म्हणजे सालवृक्षाच्या, लाकडाचा खांब रोवतात, हळद लावतात, वाजतगाजत लग्न होतं, मगच ते तळं सगळ्यांचं होतं. आमच्या तरियाच्या मध्येही असा खांब होता, काळा पडलेला. डोंगरेभाऊंनी एका मे महिन्यात, तळं आटलेलं असताना, ठरवलं की या खांबावर सहा-सहा इंचांचे पांढरे-काळे पट्टे रंगवायचे. मग घाटावर उभं राहून रोज सकाळी सातला पाणी कुठपर्यंत आहे ते वाचायचं आणि रजिस्टरमध्ये लिहायचं. रंगाचा डबा घेऊन ते आत उतरले तर दुलारी आडवी आली.

दुलारी घाटाशेजारी भट्टी लावून मुरमुरे भाजायची. वय साठीच्या पुढे, आवाज त्याहून मोठा. “ए तरिया के बिहाव होए हे, साहब,” ती म्हणाली. “बिन हरदी के कइसे रंगबे?” या तळ्याचं लग्न झालंय, हळद लावल्याशिवाय रंगवायचं कसं?

डोंगरेभाऊ पक्के विचाराचे. घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो, बाकी काही नाही. मला वाटलं आता वाजणार. त्यांनी डबा खाली ठेवला, खांबाकडे बघितलं, मग दुलारीकडे. “मी हे मानत नाही, बाई,” ते म्हणाले. “पण खांब तुमचा आहे. हळद तुमची, रंग माझा.” तिनं हळद लावली, ती वाळेपर्यंत ते उन्हात थांबले आणि मग त्यांनी पट्टे ओढले. पट्ट्यांच्या फटींतून कुठे कुठे पिवळं दिसायचं. मापाला त्यानं काही बाधा आली नाही.

पहिल्या पावसानं तळ्यात पाणी आलं आणि ते रजिस्टर सुरू झालं. तारीख, वेळ, पट्टा, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. पहिले तीन रकाने भाऊ भरायचे. शेरा माझ्याकडे. “तुमाले लय प्रश्न पडतात, ताई,” ते म्हणाले, “ते तिथं लेहा.” मग मी लिहायचे. आज जांभळी कमळं सतरा. शहराबाहेरच्या उरला वसाहतीतल्या कारखान्यांची काळी भुकटी पाण्यावर तरंगतेय, पण बगळा तरीही आला. पाण्यावर धावणारा किडा बुडत का नाही? बोरकरसाहेबांनी एकदा चाळलं आणि हसले. ते आमच्या कॉलनीतले, एका सरकारी ऑफिसात हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले, आमचे अर्ज तेच लिहायचे. त्यांच्या अर्जाची भाषा अशी कडक की वाचणाऱ्यानं उभंच राहावं. “शेरा कोण वाचते, ताई?” ते म्हणाले. “ऑफिसात आकडा पाहतात.”

पुढचा उन्हाळा लवकर तापला. एप्रिलमध्येच पलीकडच्या काठावर मलब्याचे ट्रक येऊ लागले. फुटक्या विटा, जुन्या घरांचा चुना, मोडक्या फरशा. कोणी म्हणालं दुकानांची रांग होणार, कोणी म्हणालं गाड्या उभ्या करायला जागा. ठेकेदाराचा माणूस घाटावर येऊन दुलारीला सांगून गेला की भट्टीची जागा बघून ठेव. मलबा रोज हातभर पुढे सरकत होता आणि पाणी रोज बोटभर मागे. मे लागला आणि एका सकाळी खांबाच्या बुडाशी नुसता चिखल राहिला. डोंगरेभाऊंनी शून्य लिहिलं. रेल्वेत धोक्याचा आकडा आला की लाल रेघ मारायची सवय, तशी पट्टी धरून रेघ मारली.

“डोंगरे, अर्धा पट्टा लेहून टाका नं,” बोरकरसाहेब म्हणाले. “कोण येऊन राहिलं मोजाले? या रजिस्टराच्या जोरावर अर्ज करायचा आहे आपल्याले.”

“साहेब,” भाऊ म्हणाले, “रूळ वाकडा असन आणि मी सरळ लेहला असता, तं गाडी सरळ गेली असती का?”

अर्ज गेला, सोबत रजिस्टरच्या झेरॉक्स. उत्तर आठव्या दिवशी आलं. इतक्या लवकर उत्तर आलं तेव्हाच बोरकरसाहेबांनी ओळखलं की ते नकाराचंच आहे. आयुष्य ऑफिसात काढलेल्या माणसाला हे कळतं. कागदावर एवढंच होतं की अर्जदारांच्याच नोंदीप्रमाणे जागेवर पाणी शून्य आहे, सबब हे तळं नसून पडीक जमीन आहे.

मी तो कागद तीनदा वाचला. मग झेरॉक्स बघितल्या आणि माझं डोकंच फिरलं. रजिस्टर लांबट, झेरॉक्सचा कागद आखूड. बोरकरसाहेबांनी खर्चात आणि कागदात काटकसर करून शेवटचा रकाना बाहेरच ठेवला होता. पानंच्या पानं नुसते आकडे, आणि शेवटी लाल रेघेची शून्यं, झेरॉक्समध्ये काळी झालेली. “साहेब, माझा शेरा कुठे आहे?” मी विचारलं. ते चष्मा काढून पुसत बसले, आणि बराच वेळ पुसत राहिले. मी त्यांच्यावर रागावले होते आणि मला त्यांची दयाही येत होती.

डोंगरेभाऊंनी कोणाला दोष दिला नाही. दुसऱ्या दिवशी सातला घाटावर आले, शून्य लिहिलं, रेघ मारली. रजिस्टर माझ्याकडे देताना म्हणाले, “माझ्या सेक्शनात एकही गाडी घसरली नाही, ताई. हे माझ्याच हातानं घसरलं.” त्यानंतर चार-पाच दिवस ते नुसते सकाळी येत, लिहीत, जात. त्यांची चाल आखूड झाली होती. मी पहिल्यांदाच त्यांच्याबरोबर न धावता चालू शकत होते, आणि मला ते मुळीच आवडत नव्हतं.

आता सांगते त्या कोऱ्या जागेत काय होतं ते. शून्य आलं त्याच आठवड्यात मी चपला हातात घेऊन तळ्यात उतरले होते. आयुष्यभर काढलेल्या तुटक रेघेच्या आत पहिल्यांदा पाय टाकला. चिखल वर वाळलेला, खाली गार. भेगा पडून त्याच्या फरशा झालेल्या, आणि काही फरशांमध्ये वाटीच्या बुडाएवढा खळगा. एक, दोन, पाच, एकवीस मोजले. शेऱ्यात लिहिलं, “खळगे एकवीस. कोणाचे?” आणि दुलारीला बोलावलं.

ती हसली, कमरेचा विळा काढला आणि एका खळग्यात फिरवला. ओंजळभर मातीतून तिनं एक घोंघी काढली. लिंबाएवढी गोगलगाय, तोंडावर पक्कं झाकण लावलेली. मी वाजवून बघितली. दगड. “मेली का गं?” मी विचारलं.

“मरे नइ हे,” दुलारी म्हणाली. “सुते हे.” झोपली आहे. पाणी आलं की उठेल. “सब्बो भीतरी म हें.” सगळ्याच आत आहेत.

मला राहवलं नाही. ती घोंघी मी घरी आणली आणि स्टीलच्या डब्यात, फडताळात, तांदळाशेजारी ठेवली. मुलीला सांगितलं नाही. बारा दिवस ती तशीच होती. मग एका सकाळी बादलीत पाणी घेतलं, तिला सोडलं आणि समोर पाट घेऊन बसले. दूध उतू गेलं, कामवाली येऊन गेली, मी उठले नाही. केव्हातरी झाकणाची कड केसाएवढी हलली. आतून काहीतरी मऊ, करडं बाहेर आलं, थांबलं, आणि बादलीच्या कडेनं चालू लागलं. मी एकटीच मोठ्यानं हसले आणि मग मला रडू आलं. शेऱ्यात लिहिलं, “बारा दिवस कोरडी. आज उघडली.”

ही गोष्ट मी बोरकरसाहेबांना सांगितली तेव्हा ते खुर्चीत सरळ बसले. त्याच दुपारी त्यांनी आयुष्यातला सगळ्यात छोटा अर्ज लिहिला. फक्त एवढंच, की साहेबांनी जागेवर येऊन पाहावं.

साहेब आले. तरुण होते, पांढरा शर्ट, मानेवर ओला रुमाल. जीप चालूच ठेवली होती. घाटावर उभं राहून त्यांनी खांब बघितला, चिखल बघितला आणि म्हणाले, “इसमें पानी कहाँ है?” डोंगरेभाऊ म्हणाले, “नहीं है, साहब. मैंने लिखा है.” त्यांनी मान खाली घातली नव्हती.

मग दुलारीनं त्यांच्यासमोर चिखल खणला आणि घोंघी काढली. मी बादली पुढे केली. “साहब, दस मिनट,” मी म्हटलं. घरी मला अख्खी सकाळ लागली होती, हे मी सांगितलं नाही. सगळं खरं बोलायचा मक्ता काही माझ्याकडे नव्हता.

दहा मिनिटं झाली. घोंघी बुडाशी दगडासारखी पडलेली. साहेबांनी घड्याळ बघितलं. डोंगरेभाऊंनीही आपलं रेल्वेचं घड्याळ बघितलं. वीस मिनिटं झाली. दुलारीनं कागदात गरम मुरमुरे पुढे केले, मीठ-मिरची घालून, आणि हातात कागद आल्यावर उभं राहून खाणं अवघड म्हणून साहेब पायरीवर बसले. बसलेला माणूस विचारायला लागतो. हा खांब कसला? हे पिवळं काय? तळ्याचं लग्न? कोणाशी? दुलारी सांगत सुटली. त्यांनी ड्रायव्हरला हात केला. जीप बंद झाली. मला तेव्हा कळलं की यांनाही माझीच खोड आहे, फक्त नोकरीनं दाबून ठेवलेली.

“खुल रहा है,” साहेबच पहिल्यांदा म्हणाले. आम्ही सगळेच बादलीवर वाकलो, डोक्याला डोकं लागलं. झाकण हललं. तो करडा मऊ पाय बाहेर आला आणि पाण्यात पसरला. मग साहेबांनी हळूच विचारलं, जणू आवाजानं ती परत मिटेल, “कब से बंद थी?”

मी रजिस्टर उघडून त्यांच्या मांडीवर ठेवलं. “शेवटचा रकाना वाचा,” मी मराठीतच म्हणाले, घाईत. त्यांनी मराठी वाचलं की नाही कोण जाणे, पण बोट ठेवून ते पानं उलटत राहिले. कमळं, बगळे, बेडकांची अंडी, खळगे एकवीस. शून्यापर्यंत आले तेव्हा त्यांनी लाल रेघेवर बोट ठेवलं आणि भाऊंकडे बघितलं. “आप चाहते तो कुछ और लिख सकते थे.”

“सकता नहीं था, साहब,” भाऊ म्हणाले.

साहेबांनी तिथेच, गुडघ्यावर कागद ठेवून, पाहणीची नोंद लिहिली. बोरकरसाहेबांनी ती पुढे कितीतरी जणांना पाठ म्हणून दाखवली: “मौके पर जीवित घोंघी पाई गई। तालाब मौसमी है, मृत नहीं।” सरकारी कागदावर गोगलगायीला मिळालेला एवढा मान त्यांच्या अख्ख्या नोकरीत त्यांनी बघितला नव्हता. आणि त्यानंतर त्यांनी कोणताही कागद झेरॉक्स केला तर आधी शेवटचा रकाना आलाय का ते बघायचे.

ट्रक थांबले. पडलेला मलबा मात्र कोणी उचलला नाही. पलीकडचा काठ आजही उंच आहे, त्यावर बेशरमाची झुडपं वाढली आहेत. नंतर कोणीतरी जाळी लावली, कारंजं बसवलं. कारंजं चार दिवस उडालं. तळं मूळ होतं त्याहून लहान झालं, हे मी लपवणार नाही, आम्हाला ते सगळं वाचवता आलं नाही. पण आहे ते आहे. दुलारी गेली, भट्टी तिची सून चालवते. आज मी गेले तर तिनं न विचारता मुरमुऱ्याचा कागद हातात दिला.

पाणी गेलेल्या तळ्याला काय म्हणायचं, हा प्रश्न मला अजून पडतो. नोकरी संपलेल्या माणसाला लोक काय म्हणतात, ते मला ठाऊक आहे. आम्ही तिघं त्या वर्षी एवढे चेकाळून तळ्याच्या मागे का लागलो होतो, याचं एक उत्तर त्यातही असेल.

डोंगरेभाऊ भिलाईला मुलाकडे राहायला गेले आणि दुसऱ्या थंडीत तिथेच वारले. रजिस्टर जाण्याआधीच माझ्याकडे दिलं होतं. तेव्हापासून पट्टाही मीच वाचते. आज खांबाच्या बुडाशी चिखल होता. मी शून्य लिहिलं, पट्टी धरून लाल रेघ मारली. शेरा लिहायच्या आधी मात्र मी दर मे महिन्यात मागची पानं उलटते, भाऊंच्या अक्षरातल्या शेवटच्या नोंदीपर्यंत. रायपूर सोडलं त्या दिवसाची. थंडीचे दिवस, सकाळचे सात, पाणी नवव्या पट्ट्यावर. शेऱ्याचा रकाना ते कधी भरत नसत, माझ्यासाठी कोरा ठेवत. त्या एका दिवशी त्यांनी तो भरला आहे, आकड्यांसारख्या नीट अक्षरात:

“आज घाटावर आंघोळ केली. कोणी विचारलं नाही, कोण म्हणून.”